भुयारातलं तळं

तळं या वेळीही एका कडेला गेलं होतं.

दातवालीने भुयाराचा तुकडा टेबलावरून उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. भिंती तिच्या मनासारख्या उतरल्या होत्या. फोमच्या जाड बोर्डातून कापलेल्या, सुईने सांधे कोरलेल्या, फॉइलचा चुरगळलेला बोळा दाबून दगडासारख्या खडबडीत केलेल्या. मधल्या उथळ खड्ड्यात तिने काल रेझिन ओतलं होतं. ओतताना पाण्यासारखं पातळ, दुसऱ्या दिवशी काचेसारखं घट्ट. रविवारी मित्रमंडळी टेबलावर योद्धे-राक्षसांचा खेळ खेळायला जमली, की त्यांचे बोटभर उंचीचे योद्धे याच तळ्याकाठून जाणार होते. तळ्यातून काय वर येणार, हे फक्त तिला माहीत होतं. पण रेझिन रस्त्याच्या बाजूला काठापर्यंत चढलं होतं आणि भिंतीकडच्या बाजूला तळ उघडा पडला होता.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, म्हणून मित्रांनी तिचं हे नाव पाडलं होतं. तिच्या राक्षसांचे दात आपल्यापेक्षा चांगले असतात, असं ते चिडवायचे. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. त्यामुळे पहिलं तळं बिघडलं तेव्हा ती स्वतःवरच चडफडली होती. या वेळी तिने तुकड्याचं बूड काचेवर घासून सपाट केलं होतं. टेबलावर पाणसळ ठेवून, एका पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत, बुडबुडा बरोबर मध्ये आणला होता. मगच रेझिन ओतलं होतं.

तिने पाणसळ पुन्हा टेबलावर ठेवली. बुडबुडा सरकला आणि टोकाला जाऊन बसला. मग तिने ती फरशीवर ठेवली. तिथेही तेच.

आतल्या खोलीतून आईने विचारलं, आज जेवायचं आहे की नुसते दगडच कोरायचेत. आलेच म्हणत ती दार ओढून खाली गेली.

खाली फर्निचरचं दुकान होतं. आठवडाभर तिथे तोडफोड चालू होती. दुकानदार प्लास्टिकने झाकलेल्या सोफ्यावर एकटाच बसला होता, डोक्यावर पंखा. मधल्या खांबाच्या जागी आता फरशीतून वर आलेल्या वाकड्या सळया होत्या आणि शेजारी छताला लावलेले लोखंडी टेकू.

"काका, आमच्या घराची फरशी कालपासून कलली आहे," ती म्हणाली.

कशावरून, असं त्याने विचारलं. तिने तळ्याचं सांगितलं. तो मोठ्याने हसला, पण त्यात कुचेष्टा नव्हती. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून तो तिला ओळखत होता. खांब गिऱ्हाइकाच्या नजरेला आडवा येत होता, त्याने समजावलं. ठेकेदाराने सगळं बघितलंय, उद्या लोखंडी तुळई येते आहे.

"आणि ताई, तुझ्या खेळण्यापायी मी काम अडवू होय?"

ती टेकूंकडे बघत होती. एकाच्या बुडाखालची फरशी फुटून आत दबली होती. सोफ्यावरच्या प्लास्टिकवर छतातून बारीक रेती पडत होती, आणि दुकानदार बोलता बोलता ती हाताने झाडत होता.

ती बाहेर आली. कामगार रस्त्यापलीकडे, भर उन्हात, कडेच्या कठड्यावर ओळीने डबे उघडून बसले होते. तिला नवल वाटलं. दुकानात सावली होती, पंखा होता, थंड पाणी होतं. रस्ता ओलांडून तिने त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गवंड्याला विचारलं, आत का नाही बसलात.

"आत नको," तो म्हणाला. त्याने घास खाली ठेवला नाही की तिच्याकडे बघितलं नाही. मग त्याने विचारलं, "वर कोण आहे?"

"आई."

त्याने डब्याचं झाकण लावलं.

"मग आणा त्यांना."

जिना ती कशी चढली तिला कळलं नाही. किल्ली कुलपात फिरली, खटका पडला, पण दार हललं नाही. तिने खांदा लावला. चौकटीचा वरचा कोपरा दाराच्या फळीत रुतला होता आणि तिथला रंग सोलून आतलं कोरं लाकूड दिसत होतं.

आई आतून म्हणाली, "अगं, किल्ली नेली होतीस ना?"

"आई, दार अडकलंय. जोरात ओढ. चप्पल घाल आणि ओढ."

"चप्पल कशाला?"

"घाल म्हणते ना."

आईच्या चपलांची फटफट जवळ आली. मग दाराच्या त्या बाजूला तिच्या हातांचा आवाज झाला.

"हं. तू ढकल, मी ओढते."

दातवालीने पाय जिन्याच्या कठड्याला रोवले आणि पाठ दाराला लावली. अशी उभी राहिल्यावर समोरच्या झरोक्यातून तिला रस्ता दिसत होता. दुकानदार बाहेर आला होता. त्याने मान वर करून इमारतीकडे बघितलं. शर्टावरची रेती झटकली. मग मागे वळूनही न बघता झपझप रस्ता ओलांडून तो पलीकडे गेला.

गवंड्याने डबा उचलून मांडीवर घेतला आणि कठड्यावर त्याला जागा करून दिली.