घरटी एक लाकूड

जंगलखात्यातल्या तीस वर्षांच्या चोख नोकरीचं पदक छातीवर लावून शालिकराम नाकेदार चांद्याच्या समारंभातून गावी परतला, तो दारातच आई गेल्याचं कळलं. पदक काढायचंही भान त्याला राहिलं नाही.

नोकरी त्यानं खरंच चोख केली होती. गावच्या जंगलात कुणी वाळकी काडी तोडताना जरी दिसला, तरी कुऱ्हाडीचं पातं काढून सरकारजमा करायचं आणि दांडा त्याच्याच पाठीत हाणून फेकून द्यायचा. भाषणात सायबांनी याचंच तोंडभरून कौतुक केलं होतं.

गावची रीत अशी, की मयताच्या घरी घरटी एक लाकूड यायचं. सूर्य डोक्यावर आला तरी कुणी फिरकलं नाही. शालिकराम ओट्यावर बसून मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होता. हरामखोरांनो, मेलेल्या म्हातारीशी कसलं वैर?

मग सगळा गाव एकदमच आला. पुढे म्हातारा इस्तारी. हरेकाच्या हातात कुऱ्हाडीचे जुने, बिनपात्याचे दांडे. कुणाकडे एक, कुणाकडे चार. एकामागून एक ते अंगणात टाकत गेले. बघता बघता कमरेइतकी रास झाली. एक सरण सहज रचलं जाईल एवढी.

"हे काय आणलं बे?" शालिकराम ओरडला.

इस्तारीनं त्याच्या छातीकडे बोट केलं.

"लोखंड तं सरकारनं तुमच्या छातीवर लावून देल्लं, नाकेदारसायब. आमच्यापाशी दांडेच राह्यले."