तग धरलेलं गाव

"रेकॉर्डर सुरू झाला का?" न्हाव्याने विचारलं, आणि मुलाखत घ्यायला आलेल्या संशोधिकेने मान हलवल्यावरच वस्तरा उचलला.

खुर्चीत सायकलवाला गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसला होता. न्हाव्याने त्याच्या मिशीची डावी बाजू नीट केली, मग उजवी, आणि मग उजवीशी जुळवायला पुन्हा डावी. मिशी संपत आली तरी सायकलवाल्याची तक्रार नव्हती.

"काच कारखाना बंद झाल्यावर सुरुवातीला लोक हबकले," न्हावी सांगू लागला. "हा पहिला टप्पा. नंतर परस्परांवरचं अवलंबित्व वाढलं. तिसऱ्या टप्प्यात स्थानिक बाजार उभा राहिला. पर्यावरणाचं आत्ता सांगू की शेवटी?"

"शेवटी चालेल," ती म्हणाली.

अशी उत्तरं देणारी माणसं तिला आजवर फक्त प्रबंधांत भेटली होती. बंद पडलेल्या कारखान्यांची गावं पालथी घालण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. कुठे दार तोंडावर आपटलं होतं, कुठे एका म्हातारीने तिलाच सरकारी बाई समजून पदर पसरला होता. संकटानंतर गावं तग कशी धरतात हा तिचा विषय, आणि तग धरलेलं गाव काही सापडत नव्हतं. विभागप्रमुख सरांनी निघताना बजावलं होतं, "या खेपेला एक तरी उभं गाव आणा. पडलेली पुष्कळ झाली. पैसे देणारे कंटाळलेत."

घरी आई अंथरुणाला खिळलेली. धाकटा भाऊ स्वतः काही कमवत नव्हता, पण बोलण्यात हात आखडता घेत नव्हता. "ताई, दुसऱ्यांचे कारखाने बंद पडतायत तोवर आपली चूल पेटतेय. देव करो आणि असंच चालो."

या गावाबद्दल तिने वाचलं होतं खूप. नियतकालिकांत दरवर्षी कुणी ना कुणी त्याच्यावर लिहीत होतं, आणि सगळे एकमुखाने सांगत होते की गाव टिकलं. तिचा विश्वास बसला नव्हता. आता डोळ्यांनी बघत होती. भाड्याच्या खोल्या होत्या, खाली बेकरी, समोर न्हावी, कोपऱ्यावर सायकलचं दुकान. पाव एका बाजूने करपलेले असत आणि सायकलचा ब्रेक लावला की घंटी वाजे, पण हे बारकावे अहवालात कोण लिहितो?

"तुम्ही स्वतः कारखान्यात कुठल्या खात्यात होता?" तिने न्हाव्याला विचारलं.

"त्याच्या आधीचं राहू द्या. तुमचा कालखंड कारखाना बंद झाल्यानंतरचाच ना?" तो साबण पुसत म्हणाला. "आणि आकडे हवे असतील तर मॅडमना विचारा."

मॅडम म्हणजे बेकरीवाली. सगळं गाव तिला मॅडम म्हणे. संशोधिकेला या टोपणनावाची गंमत वाटली होती. पन्नाशीची बाई, कोपरापर्यंत पीठ, आणि रुबाब मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारणाऱ्या बाईंचा.

सरांचा फोन आला तेव्हा संशोधिका बेकरीच्या पायरीवरच होती.

"सर, सापडलं. उभं गाव सापडलं," ती घाईघाईने म्हणाली. "मुलाखती इतक्या छान झाल्यात की..."

"ऐका जरा. संस्था बंद होतेय."

"आपला विभाग?"

"सगळीच. आपला विभाग आधी. शाश्वततेवाले म्हणून आपल्यापासून सुरुवात केलीय."

"पण सर, हा अहवाल दाखवला तर? मी रात्रीचा दिवस करून लिहिते. निम्म्या पगारावर राहीन. घरी आई आहे हो माझी."

"दाखवायला माणूसच उरला नाही, बाई. माझी खुर्ची आत्ता खाली घेऊन गेलेत. मी उभ्यानेच बोलतोय."

फोन ठेवल्यावर ती तिथेच बसून राहिली. या वयात तिला दुसरी नोकरी कोण देणार होतं? बंद कारखान्यांबद्दल तिला सगळं ठाऊक होतं आणि कामाचं काही येत नव्हतं. भावाचं पुढचं वाक्य तिला आत्ताच ऐकू येत होतं.

बेकरीवाली चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"काकू, मी खोली सोडते," ती म्हणाली. "यापुढे भाडं द्यायला जमणार नाही."

"संस्था गेली का अनुदान?"

"संस्था."

"मग पत्र तरी येईल. अनुदान गेलं की तेवढंही येत नाही." बेकरीवाली तिच्या शेजारी टेकली. "घरी कळवलंत?"

"कुठल्या तोंडाने कळवू? जीव द्यावासा वाटतोय."

"घोटभर चहा घ्या आधी. मीही वर्षभर कळवलं नव्हतं."

"कारखाना बंद झाल्याचं?"

बेकरीवालीने समोर पाहिलं. न्हावी हात पुसत रस्ता ओलांडून आला आणि पायरीपाशी अदबीने उभा राहिला.

"कारखान्याची माणसं कारखान्याबरोबरच गेली, एक घर मागे राहिलं नाही," तो म्हणाला. "मॅडम माझ्या पीएच.डी.च्या गाईड. त्यांचं अनुदान आधी थांबलं, माझं पुढच्या वर्षी. सायकलवाला आला तो आम्हा दोघांच्या मुलाखती घ्यायला."

"शिवता येतं का हो तुम्हाला?" बेकरीवालीने विचारलं. "गावाला शिंपी नाही, आणि पुढच्या महिन्यात दोन नवे अभ्यासक येतायत."