समोवारचा प्लग

मोहिराच्या माहेरून आलेल्या विजेच्या समोवारचा प्लग जळून वर्ष झालं होतं. "अहो, तेवढा बदला ना," ती म्हणायची आणि शेराली "बघू" म्हणायचा. वायरीची उघडी टोकं काडीनं भोकांत खोचून ती चहा करायची. एकदा तिला झटका बसला, तर तो हसला. "मला रोज देतेस की. आता तुझी पाळी."

आज तो खुजंदच्या बाजारातून नवा प्लग घेऊन आला. मांडी घालून बसला, वायर सोलली, स्क्रू आवळले, पुन्हा पुन्हा ओढून बघितलं.

"किती नीट करताय हो," मोहिरा म्हणाली.

"नीटच हवं. शॉक बसता कामा नये."

तिला भरून आलं. तिनं त्याच्यापुढे ताजा नान ठेवला, सायीची वाटी ठेवली. पाणी उकळलं. तो चहा प्याला, उरलेलं पाणी ओतून दिलं आणि समोवार जुन्या रजईत गुंडाळू लागला.

"अहो, कुठे नेताय?"

"निगोराकडे. बाळंतीण आहे ती. गरम पाणी सारखं लागतं."

नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला मूल झाल्याचं मोहिराला असं कळलं. त्याचे दोन्ही हात अडकले होते, म्हणून दार तिनंच उघडून दिलं.