सौजन्याचं तिसरं मत

दारावर टकटक झाली. अमेरिकेतल्या एका राज्याचं सर्वोच्च न्यायालय. न्यायमूर्तींच्या बंद बैठकीत शिपाई नसतो. प्रथेप्रमाणे सर्वांत नव्या न्यायमूर्ती, मृणाल धारप, उठल्या. बाहेर कारकून होता. तुरुंग विचारत होता: संध्याकाळी सहाला विषाची सुई द्यायची, की थांबायचं?

कैद्याला सरकारनं दिलेला वकील खटला चालू असताना घोरत होता. राज्यघटनेनं ज्याचा हक्क दिला तो वकील हाच का, असा प्रश्न होता. अपील ऐकायला पाचांतली दोन मतं पुरतात; ती मिळाली, सुनावणी सोमवारी ठरली. शिक्षा थांबवायला मात्र तीन लागतात. अशा वेळी तिसरं मत ज्येष्ठ न्यायमूर्ती ब्रॅडॉक सौजन्यानं देत आले होते, सुनावणीपर्यंत माणूस उरावा म्हणून.

थांबवा: दोन.
नको: तीन, त्यात या वेळी ब्रॅडॉकही.

"सोमवारपर्यंत त्याला जगू द्या," धारप म्हणाल्या.

"माझ्या निकालाला तुम्ही आळशी म्हणालात," ब्रॅडॉक म्हणाले. "तेही तुमच्या विरोधी निकालपत्रात छापून. सौजन्य तेव्हा कुठं होतं?"

"त्याचा सूड या माणसावर?"

"सूड कसला? ही प्रथा घटनेत लिहिलेली नाही."

धारपांनी कागद ओढला, तो शब्द मागे घेते असं लिहून सही केली. ब्रॅडॉकनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"आभारी आहे. आता दार उघडा, कारकून ताटकळलाय."

"आणि मत?"

"मत तेच."

सोमवारी त्यांनी एका ओळीचा निकाल सहीसाठी पुढं सरकवला: अर्जदार हयात नाही, अपील निकाली.

"आता म्हणा आळशी," ते म्हणाले.