लेखनिकाची अट

भिवाजी बोलायचा थांबला, तरी पेन थांबले नाही.

त्याने मान किंचित कलती करून कान दिला. प्रश्न रेल्वेचा होता: पश्चिम भारतात रेल्वे आल्याचे परिणाम सांगा. उत्तर त्याने पूर्ण सांगितले होते. दळणवळण, व्यापार, दुष्काळातली धान्याची वाहतूक, सैन्याच्या हालचाली. शेवटी 'पूर्णविराम' असेही तो म्हणाला होता. तसे म्हटले की त्याची बायको भागीरथी पेन बाकावर ठेवी आणि ते टेकल्याचा आवाज ऐकून तो पुढच्या प्रश्नाकडे वळे. आज तो आवाज आला नाही. कागदावर निब खरखरत राहिली.

डोंबिवलीच्या एका कारखान्यात ॲसिड उडून त्याचे डोळे गेले, त्याला बरीच वर्षे झाली होती. पुढे ठाण्यातल्या एका कचेरीत त्याला टेलिफोनवर बसवले. पत्राद्वारे बी. ए. करता येते, हे त्याला तिथेच कळले. त्याने इतिहास घेतला. पाठांची पाकिटे पोस्टाने येत. भागीरथी मासळीची टोपली बाजारात रिकामी करून आली की हात स्वच्छ धुऊन त्याला ते वाचून दाखवी. परीक्षेला लेखनिक म्हणूनही तीच बसे. त्याने सांगायचे, तिने तेवढेच लिहायचे. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा, असा नियम होता. भागीरथी सातवीपर्यंत शिकलेली होती. शाळेचा दाखला पाहून दर वर्षी परवानगी मिळत गेली.

कोळीवाड्यात या अभ्यासाची थट्टा होई. थोरली भावजय आवडाबाई एकदा चारचौघांत म्हणाली होती, "बोलनार ह्यो, लिवनार ही. मंग पदवीचा कागद कोनाच्या नावानं लावायचा गो?" सगळे हसले. भिवाजी हसला नाही. डोळे गेल्यापासून त्याला जे काही मिळाले, त्यात कोणाची तरी दया होती. टेलिफोनची नोकरीही त्यातलीच. पदवी तेवढी त्याला निखळ स्वतःची हवी होती. त्याने भागीरथीकडून शब्द घेतला. त्याच्या तोंडून न आलेले एक अक्षरही तिने कागदावर उतरवायचे नाही. दोन वर्षे तिने तो शब्द पाळला. त्याने सन चुकीचा सांगितला, तर तिने तो चुकीचाच लिहिला, आणि घरी आल्यावरही त्याविषयी चकार शब्द काढला नाही.

घरी पाठ वाचताना मात्र ती मध्येच थांबे. रेल्वेच्या पाठाशी ती फार अडली होती. तिच्या माहेरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या होडीतून उतारू खाडीपार नेत. खाडीवरच्या रेल्वेपुलासाठी दगड वाहून नेले तेही त्यांच्याच होड्यांनी, असे घरात सांगत. पूल झाला आणि होड्यांना उतारू उरले नाहीत. हे पाठात कुठे आहे, असे तिने दोनदा विचारले होते.

"ते परीक्षेला नाय," भिवाजी म्हणाला होता. "तू फुडं वाच."

आता त्याने दबक्या आवाजात विचारले, "काय लिवतेस?"

पेन थांबले. कल्याणच्या त्या महाविद्यालयाने त्यांना बसायला वेगळी लहान खोली दिली होती. तिथे या दोघांखेरीज फक्त पर्यवेक्षक होते. त्यांनी प्रश्न ऐकला आणि ते उठून बाकापाशी आले. शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचा, असे त्यांनी भागीरथीला सांगितले.

तिने वाचला. "खाडीवर पूल झाला, तेव्हा होडीवाल्यांचा धंदा बसला. ज्यांनी पुलाचे दगड वाहून नेले, त्यांच्याच होड्या पुढे चिखलात पडून राहिल्या. पूल कोणी बांधला, ते पुस्तकात आहे. दगड कोणी आणले, ते नाही. परिणाम विचारले आहेत, म्हणून हाही लिहिला आहे."

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "माज्याच्यानं रायलं नाय."

नियमाप्रमाणे पर्यवेक्षकांना दोघांनाही बाहेर काढावे लागले असते. पण हा तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर होता, आणि ते स्वतः सज्जन होते. तेवढा परिच्छेद खोडा, मी काही ऐकलेले नाही, असे ते हळूच म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

भागीरथीने घाईने पेन उचलले. भिवाजीने चाचपडत तिचे मनगट धरले.

"खोडू नको."

त्याचे ओठ हलत होते. पाठ घोकताना ते असेच हलत. दिलेला शब्द मोडल्याचा त्याला राग आला आहे, अशी भागीरथीची समजूत झाली. ती खाली पाहत बसली.

थोड्या वेळाने तो उठून उभा राहिला. पेपर इथेच थांबवायचा आहे, असे त्याने पर्यवेक्षकांना सांगितले. ऑक्टोबरच्या परीक्षेला तो दुसरा लेखनिक घेऊन बसणार होता. पर्यवेक्षकांनी त्याला समजावून पाहिले. हातातोंडाशी आलेली पदवी अशी सोडू नका, म्हणाले. तो ऐकेना, तेव्हा त्यांनी नाइलाजाने अहवालाचा कागद पुढे ओढला.

"इथं कारण द्यावं लागतं," ते म्हणाले. "काय लिहू? बाईंनी गैरप्रकार केला, असं?"

"गैरप्रकार नाही, साहेब," भिवाजी म्हणाला. "लेखनिक नियमात बसत नाही, असं लिहा. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे."