धाकट्याच्या नावापुढे

दिओराजचं पेन स्वतःच्या नावापाशी येऊन अडलं. रेडिओ केंद्राच्या काउंटरवर वडिलांच्या निधनवार्तेचा फॉर्म पसरला होता. रामसुमेर, ऊर्फ लाँग मॅन, गाव एस्परांझा, एवढं लिहून झालं होतं. आता मुलं, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम. बाराच्या ठोक्याला सगळा जिल्हा हातातलं टाकून हे ऐकतो. कोण गेलं यापेक्षा कोणाची मुलं कुठे लागली, याकडेच लोकांचे कान जास्त.

थोरल्या इंदरचं सोपं होतं. कोर्टात कारकून. धाकट्या दिओराजनं मात्र साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडून एस्परांझा रोव्हर्स हा क्लब धरला होता. त्रिनिदादमध्ये पगारी फुटबॉल तेव्हा नुकताच सुरू झाला होता. पहिल्या वर्षी प्रेक्षक दोनशे, दुसऱ्या वर्षी डबल्स नावाचा खाऊ विकणाऱ्या गाडीवाल्यांना धरून साठ. गेल्या महिन्यात क्लबनं गाशा गुंडाळला. जाताना मालकानं गोलची जाळीसुद्धा काढून नेली.

म्हाताऱ्यानं दोन वर्षांत एकही सामना पाहिला नव्हता. चेंडूला लाथा मारायचा पगार देणारा वेडा आणि घेणारा त्याहून वेडा, असं तो रमच्या दुकानात बसून सांगायचा. कोणी विचारलंच, तर धाकटा कारखान्यात आहे म्हणायचा. त्यावरून बापलेकांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. सोमवारी म्हाताऱ्यानं प्राण सोडला, तेव्हाही दिओराज खोलीच्या दाराबाहेरच उभा होता. आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही, हे त्याला आता जन्मभर खाणार होतं.

निदान जाताना तरी बापाला चारचौघांत खाली बघायला लागू नये. त्यानं लिहिलं, 'दिओराज, साखर कारखाना.'

काउंटरवरच्या मिस क्लोथिल्डनं फॉर्म घेतला, नाव वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं खणातून एक कागद काढला. इथली म्हातारी माणसं पुष्कळदा आपली वार्ता आपणच देऊन ठेवतात, तारीख तेवढी मोकळी सोडतात. रामसुमेर गेल्या शनिवारी दवाखान्यातून परतताना येऊन गेला होता.

दिओराजनं कागद वाचला. मुलांमध्ये पहिलं नाव इंदरचं नव्हतं, त्याचं होतं. 'दिओराज, फुटबॉलपटू, एस्परांझा रोव्हर्स.'

"क्लब तर बंद झाला, मिस," तो कसाबसा म्हणाला.

"मीही तेच सांगितलं त्यांना, बाळा. म्हटलं, कारखाना लिहू का? तर म्हणाले, 'कारखान्यात त्याला मी चिकटवला होता. हे त्याचं त्यानं मिळवलंय. खोडशील तर बघ.'"