विन्स्टनसाठी डिटेक्टर

याकूबने चौथं खोकं काउंटरवर ठेवलं आणि हात झटकले.

"अंकल, आता माझ्याकडे माल खलास. ह्यातलाच एक पसंत करा."

निकोलसने चष्मा वर ढकलला आणि पुन्हा पहिल्या खोक्यापासून सुरुवात केली. वसईचा हा माणूस अठ्ठावीस वर्षं दुबईत, देऱ्यातल्या एका शिपिंग ऑफिसात फायली सांभाळत होता. स्वतःची गाडी त्याने कधी ऐंशीच्या वर नेली नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून थकायचे. आणि आज, शुक्रवारच्या संध्याकाळी, हा गृहस्थ रडार डिटेक्टर निवडत होता. पुढे पोलिसांचं रडार आहे हे आधीच ओरडून सांगणारी ही डबी. कायद्यात बसत नाही, म्हणून याकूब ती सीट कव्हरांच्या ढिगाखाली ठेवायचा आणि ओळखीच्या माणसालाच दाखवायचा.

याकूब रत्नागिरीचा. मराठी गिऱ्हाईक आलं की त्याची जीभ सैल सुटायची.

"हा पहिला एकदम बेकार. मॉलच्या दारालासुद्धा बोंबलतो आणि खरं रडार आलं की गप्प. हा दुसरा पुढचं पकडतो, मागचं सोडतो. तिसरा ठीक. पण चौथा शेर आहे, अंकल, शेर! किलोमीटरभर आधी सांगणार. गाडी कुठली?"

"स्पोर्ट्स कार. दोन सीटची, लाल. माझ्या मुलाची, विन्स्टनची."

"मग चौथाच. विषय संपला."

पण निकोलसचा विषय संपत नव्हता. गाडी घेतली मुलाने, पहिल्या वर्षाच्या पगारातून, पण ती बापाच्या नावावर होती. त्या वेळी मुलगा बापाच्याच व्हिसावर होता, आणि पुढे नाव बदलायचं कोणालाच सुचलं नाही. त्यामुळे गाडी पळवायची विन्स्टनने आणि दंड लागायचा निकोलसच्या नावावर. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून काउंटरवर पसरला.

"हे बघा. तीन तारीख, सकाळी सहा चाळीस, अबुधाबी रोड. म्हणजे मॉर्निंग ड्युटी लागलीय. अकरा तारीख, सुट्टीचा शुक्रवार, सकाळी दहा, खोर फक्कानकडे. ऐन मासच्या टायमाला! चर्चचं नाव नाही. सव्वीस तारीख, अल ऐन रोड. तिकडे ह्याचं काय काम असेल हो?"

"मजा करतात पोरं," याकूब हसला. "पण अंकल, दंड तर आम्ही वर्षातून एकदा बघतो, गाडी रिन्यू करताना. तुम्ही काय दर महिन्याला ट्रॅफिकच्या काउंटरवर लाइन लावता?"

"लावतो. सवय झाली."

याकूबने मान हलवली. बाप पोराच्या उद्योगांना वैतागलाय, असा त्याने हिशोब केला. कोणीही तोच केला असता.

खरी गोष्ट निकोलसने त्याला सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको मिल्ड्रेड वसईत आजारी पडली. निकोलस रजा टाकून धावला, पण विन्स्टनला कळवलं नाही. पोराची नोकरी नवी, रजा मागितली तर साहेब नाराज होईल, तेवढ्यात ती बरी होईलच, असं त्याने ठरवून टाकलं. आखातात आयुष्य काढलेली माणसं नोकरीपुढे असंच वेड्यासारखं वागतात. मिल्ड्रेड बरी झाली नाही. विन्स्टन पोचला तो माती दिल्यावर. "तुम्ही मला आईला भेटू दिलं नाहीत," एवढंच बोलला, आणि शारजातलं अल नहदाचं घर सोडून अबुधाबीला गेला. तेव्हापासून त्या फ्लॅटमध्ये निकोलस एकटा जेवतो आणि एकटाच टीव्ही लावून बसतो. फोन केला तर विन्स्टन आवाज ओळखून ठेवून देतो. वाढदिवसाला त्याच्या ऑफिसात शर्ट पाठवला, तो परत आला. पुढच्या वर्षी घड्याळ पाठवलं, तेही परत आलं.

यंदा त्याने फार विचार केला होता. वेगाच्या वेड्या माणसाला कुठली वस्तू परत करवणार नाही? हीच. एवढी एक डबी जरी मुलाने ठेवून घेतली, तरी बापाचं काहीतरी त्याच्या गाडीत बसणार होतं, रोज त्याच्यासोबत फिरणार होतं.

"तर चौथा पॅक करू ना, अंकल? गिफ्टचा कागद लावतो."

"ह्याने दंड कमी होतील?"

"कमी? अहो, बंदच होतील! माझी गॅरंटी. पुढच्या महिन्यापासून त्या काउंटरला जायचं कामच नाही. तुमच्या नावावर काही म्हणजे काही सापडणार नाही."

याकूब खुशीत कागद कापायला लागला. निकोलसने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा जरा."

त्याने चौथं खोकं हळूच बाजूला सारलं. तिसरं उचललं, तेही ठेवलं. याकूबला वाटलं, किंमत जास्त वाटली असणार.

"अंकल, भाव कमी करतो. आपल्या गावचे तुम्ही."

"भावाचं नाही हो, याकूबभाई." निकोलसने दंडांचा कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. "जरा कमी हुशार दाखवा. महिन्यातून एकदा तरी चुकेल असा. नाहीतर माझा मुलगा कुठे आहे, कसा आहे, हे मला सांगणार कोण?"